टपालात कधीच न गेलेली तिकिटं

एक हिरवं तिकीट आहे. आकार नेहमीच्या ब्रिटिश तिकिटाएवढा, कडेला नेहमीची दातेरी भोकं, मागे डिंक. पण त्यावर राजाचा चेहरा नाही आणि किंमतही नाही. देशाचं नाव नाही हे एक वेळ समजू शकतं, कारण ब्रिटनच्या तिकिटावर ते कधीच नसतं. मधोमध आहे फक्त एक लंबगोल. तिकडचे संग्राहक त्याला ‘पोच्ड एग’ म्हणतात, म्हणजे फोडून उकळत्या पाण्यात सोडलेलं अंडं.

1930च्या दशकात ब्रिटिश टपाल खात्याने तिकिटं देणारी यंत्रं तपासण्यासाठी अशा तिकिटांच्या गुंडाळ्या वापरल्या. नाणं टाकलं की तिकीट बाहेर आलं पाहिजे, एकच आलं पाहिजे आणि भोकांच्या ओळीवरच तुटलं पाहिजे. ऐकायला सोपं आहे, पण कागदाचे धागे हवेतला ओलावा शोषून फुगतात, डिंकाचा थर वेगळ्या प्रमाणात आकसतो आणि कागदाची सुरळी होते. भोकं दाट असली तर गुंडाळी यंत्रात मध्येच तुटते, विरळ असली तर तिकीट सुटतच नाही. हे तपासायला कागद, डिंक आणि भोकं खरीच हवीत. पण हजारो खरी तिकिटं कारागिरांच्या हाती देणं म्हणजे त्यांच्या हाती रोकड देण्यासारखंच. म्हणून बाकी सगळं खरं ठेवलं आणि किंमत तेवढी काढून घेतली.

मला ही चाचणी तिकिटं खऱ्या तिकिटांपेक्षा जास्त आवडतात. खरं तिकीट म्हणजे छापखान्याचं उत्तर असतं. प्रश्न काय होता, हे चाचणी तिकीटच सांगतं.

पहिला प्रश्न तिकीट जन्मल्यावर काही महिन्यांतच उभा राहिला. 6 मे 1840 पासून ‘पेनी ब्लॅक’ हे जगातलं पहिलं टपाल तिकीट चालू झालं. लंडनच्या पर्किन्स, बेकन अँड पेच या छापखान्याने ते छापलं होतं. मूळचे अमेरिकन असलेल्या जेकब पर्किन्स यांची पद्धत विलक्षण होती. मऊ पोलादावर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा एकदाच कोरायचा आणि ते पोलाद तापवून कठीण करायचं. त्यावरून मऊ पोलादाचा रूळ प्रचंड दाबाखाली फिरवला की चेहरा रुळावर उमटतो. मग रूळ कठीण करायचा आणि छपाईच्या पत्र्यावर 240 वेळा दाबायचा. बारा उभ्या रांगा, वीस आडव्या. तेव्हा 240 पेन्सचा एक पौंड होत असे, म्हणून अख्खा ताव बरोबर एका पौंडाचा. कोरीव चेहरा एकच असल्याने 240 तिकिटांवर तो हुबेहूब सारखा निघे, आणि हाताने नक्कल करणाऱ्याला तेच जमत नसे.

नक्कल अवघड झाली, पण धुलाई सोपी राहिली. तिकीट काळं होतं आणि ते रद्द करणारा शिक्का लाल. लोक लाल शाई पुसून तेच तिकीट पुन्हा चिकटवू लागले. टपाल सुधारणेचे प्रणेते रोलंड हिल आणि छापखाना तातडीने प्रयोगाला लागले. राणीच्या त्याच चेहऱ्याचे छोटे पत्रे तयार झाले. त्यांचा वरचा उजवा कोपरा कोरा ठेवला होता, म्हणजे कोणी ते खरं तिकीट म्हणून खपवू शकणार नाही. वेगवेगळ्या शाया, वेगवेगळे कागद, त्यावर शिक्के, मग धुऊन पाहणं. रंगांच्या या पसाऱ्यामुळे या प्रयोगांना ‘रेनबो ट्रायल्स’ हे नाव पडलं. त्यातले काही नग आज संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत आहेत. धुतल्यामुळे फिकट झालेला राणीचा चेहरा पाहताना पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा प्रयोग आपल्यासमोरच चालल्यासारखं वाटतं.

त्यातून सापडलेलं तत्त्व साधं होतं. शिक्क्याची शाई चिवट हवी आणि तिकिटाची शाई तिच्यापेक्षा नाजूक. शिक्का घालवायला जे काही लावाल, त्याने आधी तिकीटच गेलं पाहिजे. छपाईची शाई म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेला रंग. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक पापुद्रा बनतो. काळ्या शिक्क्याला तो पापुद्रा चांगला, तिकिटाला नको. 1841च्या फेब्रुवारीत तिकीट तांबडं झालं आणि शिक्का काळा.

या तांबड्या तिकिटांचा कागद पुष्कळदा निळसर दिसतो. शाईत पोटॅशचं प्रुसिएट, म्हणजे आजच्या भाषेत पोटॅशियम फेरोसायनाइड असे, आणि त्यामुळे कागदावर निळी झाक चढे. काही तिकिटं उलटी केली की निळ्या कागदावर राणीच्या डोक्याची पांढरी आकृती दिसते. संग्राहक तिला ‘आयव्हरी हेड’ म्हणतात. ही नक्षी कोणी काढलेली नाही, ती रसायनाने काढली आहे.

पुढे डे ला रू हा छापखाना पुढे आला. 1855 पासून तो ब्रिटनची टपाल तिकिटं छापू लागला आणि भारताचीही. आजोबांच्या पेटीत राणी व्हिक्टोरिया किंवा सातव्या एडवर्डची आण्याची तिकिटं सापडली, तर ती बहुतेक लंडनहून जहाजाने आलेली असतात. नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि 1926 पासून आपली तिकिटं इथे छापली जाऊ लागली, तोवर हेच चाललं.

या घराण्यातले वॉरन डे ला रू रसायनज्ञ होते आणि खगोलशास्त्रज्ञही. 1860च्या सूर्यग्रहणात त्यांनी स्पेनमधून घेतलेल्या छायाचित्रांनी हे पक्कं करायला मदत केली की काठावर दिसणाऱ्या ज्वाला सूर्याच्याच आहेत, चंद्राच्या नाहीत. अशा माणसाच्या छापखान्यात शाई हा प्रयोगशाळेचाच विषय असणार. तिकीट तेव्हा पत्रावर लागे, तसं पावतीवरही. पत्रावर छापखान्याच्या तेलकट शाईचा शिक्का पडे, पावतीवर टाकाची सही होई. दोन शाया, दोन स्वभाव. एकीला पाणी किंवा आम्ल लागतं, दुसरीला तेल विरघळवणारं द्रव्य. दोन्हींपुढे हात टेकणारी शाई त्यांनी बनवली, पण ती जांभळ्या आणि हिरव्या रंगातच जमली. म्हणून 1883-84ची ब्रिटिश मालिका जवळजवळ सगळी जांभळी-हिरवी आहे. टपाल कारकुनांना किमती ओळखेनात आणि तक्रारी झाल्या. पण 1881चं एक पेनीचं जांभळं तिकीट वीस वर्षं टिकलं, सुमारे 3300 कोटी छापलं गेलं.

नव्या संग्राहकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो. जुनं हिरवं ब्रिटिश तिकीट पाकिटावरून काढायला पाण्यात टाकू नये. माझं एक असं गेलं आहे. दहा मिनिटांत हिरव्याचं पिवळट झालं. शाईने तिचं काम अगदी चोख केलं होतं, सव्वाशे वर्षांनंतरही.

छापखान्यांना सरकारांपुढे आपलं कसब दाखवावं लागे, आणि त्यासाठी नमुना तिकिटं छापली जात. डे ला रूने रोमन देवता मिनर्व्हाचं मस्तक घेऊन ते अनेक रंगांत छापलं. वॉटरलो अँड सन्सची रीत वेगळी होती. ते गिऱ्हाईक देशांची खरी तिकिटंच बदललेल्या रंगांत छापत, त्यावर कंपनीचं नाव आणि ‘स्पेसिमेन’ हा शब्द उमटवत आणि एक बारीक भोक पाडत. त्या भोकामुळे कित्येक जण हा नग खराब समजून बाजूला टाकतात. खरं तर तीच त्याची ओळख आहे. कोरीव छपाई असेल तर बोटाचं टोक हलकेच फिरवावं, शाईच्या रेषा उंचवट्यासारख्या लागतात. पुढे वॉटरलोची छपाई 1961 मध्ये डे ला रूकडे गेली, आणि ब्रॅडबरी विल्किन्सन व हॅरिसन अँड सन्स हे आणखी दोन ब्रिटिश छापखानेही 1986 आणि 1997 मध्ये.

भोकांचीही अशीच परीक्षा झाली. सुरुवातीला तिकिटं कात्रीने कापावी लागत. हेन्री आर्चर यांनी 1848च्या सुमारास सुऱ्यांनी चिरा पाडणारं यंत्र करून पाहिलं. ते फसल्यावर त्यांनी सुयांनी गोल भोकं पाडली. सरकारने त्यांचे हक्क 4,000 पौंडांना घेतले. 1854 मध्ये दोन सेंटिमीटरमध्ये 16 भोकं ठेवली, तर ताव हाताळतानाच सुटू लागला. वर्षभरात 14 केली. एवढा फरक मोजायला संग्राहकाकडे पट्टी असते, आणि त्याच पट्टीने तिकिटाचा काळ ठरतो.

नकली तिकीट सर्वांत धडधडीतपणे कुठे खपलं, तर लंडनच्या शेअर बाजारातल्या तार कचेरीत, 1872 मध्ये. एक शिलिंगचं हिरवं तिकीट तारेच्या अर्जावर चिकटवून शिक्का मारला जाई, गिऱ्हाईक ते परत पाहत नसे. तब्बल 26 वर्षांनी, 1898 मध्ये, चार्ल्स निसन या तिकीट जाणकाराच्या हे लक्षात आलं. कागदात जलचिन्ह नव्हतं. शिवाय कोपऱ्यातली अक्षरं तावावरची जागा सांगतात, आणि त्या फसव्या तिकिटांवर अशा अक्षरांच्या जोड्या होत्या ज्या कुठल्याही तावावर येऊच शकत नाहीत.

विसाव्या शतकात तिकिटाकडे पाहणारा डोळा बदलला. पत्रांच्या ढिगात प्रत्येक पाकिटावरचं तिकीट कोणत्या कोपऱ्यात आहे, हे यंत्राला कळायला हवं होतं. 19 नोव्हेंबर 1957 रोजी साउदॅम्प्टन भागात मागच्या बाजूला ग्रॅफाइटच्या काळ्या उभ्या रेषा असलेली तिकिटं विकायला आली. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे यंत्राला तिकीट ‘जाणवे’. पण पाकिटातली टाचणी किंवा क्लिपही वीज वाहून नेते, आणि यंत्र फसे. 1959 मध्ये ग्रॅफाइटच्या जोडीला समोरून स्फुरदीप्त द्रव्याचे पट्टे आले आणि पुढे ग्रॅफाइट गेलंच.

या पट्ट्यांचं विज्ञान मला फार सुंदर वाटतं. आजचा पांढराशुभ्र कागदही अतिनील प्रकाशात निळसर चमकतो, कारण त्यात उजळपणाची द्रव्यं असतात. मग यंत्राने कागद आणि पट्टा वेगळा कसा ओळखायचा? दिवा विझवून. कागदाची चमक दिव्याबरोबर त्याच क्षणी जाते. पट्ट्यातले इलेक्ट्रॉन मात्र अशा अवस्थेत अडकतात जिथून खाली उतरण्याची वाट जवळजवळ बंद असते, ते एकेक करून सुटतात आणि प्रकाश थोडा वेळ उरतो. दिवा गेल्यावर जे उरलं, ते तिकीट. 1968 मध्ये जलद आणि साध्या टपालाचे वेगळे दर आले, तेव्हा जलदला दोन पट्टे आणि साध्याला मधोमध एक, असं यंत्राला वाचता येईल असं ठरलं.

1967 पासूनची ‘मॅचिन’ तिकिटं, म्हणजे अर्नोल्ड मॅचिन यांनी घडवलेल्या प्लॅस्टरच्या शिल्पावरून केलेला राणी एलिझाबेथचा चेहरा, मुंबई-पुण्याच्या जुन्या संग्रहांतही भरपूर सापडतात. खिडकीशी धरून तिरकी करा, पट्टे नुसत्या डोळ्यांनाही मंद दिसतात. त्यांचा उरलेला प्रकाश पाहायला लघुलहरी अतिनील दिवा लागतो. नोटा तपासायच्या साध्या टॉर्चने तो दिसत नाही. हा दिवा डोळ्यांना आणि कातडीला घातक असतो, म्हणून अतिनील किरण अडवणाऱ्या चष्म्याशिवाय तो वापरू नये आणि मुलांच्या हाती कधीच देऊ नये.

चिरांची कल्पना पुढे नव्या रूपात परतली. 2009 पासून रोजच्या ब्रिटिश तिकिटांवर इंग्रजी यू आकाराच्या चिरा आल्या. पाकिटावरून ओढून काढायला गेलं की तिकीट त्या चिरांवर फाटतं. मार्च 2021 मध्ये साध्या टपालाच्या तिकिटावर चौकोनी बारकोडची चाचणी झाली, आणि 2022 पासून रोजची तिकिटं बारकोडसह येऊ लागली. आता प्रत्येक तिकिटाला स्वतःची वेगळी ओळख आहे. एकदा यंत्राने वाचलं की ते वापरलं गेल्याची नोंद होते, शिक्का धुतला तरी. कोऱ्या कोपऱ्याच्या त्या पत्र्यांवर 1840 मध्ये शाईला जे जमवायचं होतं, ते आता कोड करतो. माझ्या वहीत 2021च्या चाचणीचं निळं तिकीट रेनबो ट्रायल्सच्या छायाचित्राशेजारी लावलं आहे.