एन्टरप्राइज एवढं मोठं कधी झालं? एका जहाजाच्या रीडिझाइनवरच्या भांडणाची पार्श्वभूमी

दर दोन-चार वर्षांनी स्टार ट्रेकवाले (ती जुनी अमेरिकन विज्ञानकथा मालिका आणि तिचे सिनेमे) आपल्या एन्टरप्राइज या अंतराळजहाजाचं नवं रूप दाखवतात आणि हे खरंच तेच जहाज का, हे भांडण परत पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून मागचं सगळं एकदा जमेल तेवढं क्रमाने लिहून ठेवतोय. मूळ जहाज कसं दिसतं ते सांगत बसत नाही. बशी, मान, खालचा लांबुडका भाग, मागे दोन नॅसेल म्हणजे इंजिनांच्या लांब नळ्या, हे तुम्हाला डोळे मिटून काढता येत असेल. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदा ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी बघितलं, तेव्हा ते जहाज आधीच वीसेक वर्षांचं जुनं होतं हे कुणाच्या गावीही नव्हतं.

१९६६ च्या मालिकेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तेव्हा छापलेल्या माहितीत जहाजाची लांबी ९४७ फूट दिलीय, म्हणजे साधारण २८९ मीटर. त्याच नावाची अमेरिकन नौदलाची खरी विमानवाहू नौका ३४२ मीटरची होती, म्हणजे ताऱ्यांमधून फिरणारं जहाज समुद्रातल्या जहाजापेक्षा लहान! आणि पहिल्या पायलटमध्ये, म्हणजे मालिकेच्या चाचणी भागात, जहाजावर २०३ माणसं होती, मालिका सुरू झाल्यावर ती ४३० झाली. फुगवाफुगवी नवीन नाहीये.

आता तो घोळ घालणारा शब्द, रीफिट, म्हणजे जुन्याच जहाजाची फेरबांधणी. १९७९ ला पहिला सिनेमा आला तेव्हा जहाज जवळपास नखशिखांत बदललेलं होतं, नॅसेल चपटे, त्यांना धरणारे खांब तिरके, अंगभर मोत्यासारखी चमक. खरं कारण साधं होतं, टीव्हीसाठी केलेलं मॉडेल मोठ्या पडद्यावर टिकलं नसतं आणि मधे बारगळलेल्या दुसऱ्या मालिकेसाठी बदलाचं काम आधीच सुरू झालेलं होतं. पण कथेत काय सांगितलं, तर अठरा महिने जहाज गोदीत होतं, त्याचं रीफिट झालं. बास. या एका वाक्यावर लोक गप्प बसले. त्यात दिग्दर्शकाने जहाजाभोवती कॅमेरा इतका वेळ फिरवला की नवरी दाखवायचा कार्यक्रम चाललाय असं वाटावं, काहींना कंटाळा आला पण जहाज मनात बसलं. आज सगळ्यात देखणं एन्टरप्राइज कोणतं असं विचारलं तर माझ्या ओळखीचे निम्मे लोक तेच सांगतात, मीसुद्धा.

माझ्या मते इथेच सवय लागली. चाहत्यांना बदल चालतो, फक्त बदलाला कथेतलं कारण पाहिजे, मग ते कितीही पातळ असो. बशी तीच, खांब वेगळे, इंजिनं वेगळी, मान वेगळी, म्हणजे खरं तर दुसरंच जहाज, पण रीफिट म्हटलं की कागदोपत्री तेच राहतं.

मग २००९ चा नवा सिनेमा. म्हणजे भांडण २००८ च्या जानेवारीतच सुरू झालं, पहिल्या टीझरमध्ये वेल्डर लोक जहाज चक्क जमिनीवर बांधताना दिसले तेव्हा. जुन्या माहितीप्रमाणे सुटे भाग सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत बनले आणि जोडणी अंतराळात झाली, शिवाय हे जहाज वातावरणात उतरायलाच बनवलेलं नाही. तर ते अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतांमध्ये काय करतंय? नोव्हेंबरमध्ये पूर्ण जहाजाचा फोटो आला आणि मग विचारूच नका. नॅसेल फुगलेले, मान फार मागे, खालचा भाग बारका, कुणी हॉट रॉड (शर्यतीसाठी फुगवलेली जुनी गाडी) म्हणालं, कुणी बदक म्हणालं. आतला ब्रिज, म्हणजे कॅप्टन बसतो ती नियंत्रण खोली, बघून लोकांना मोबाईलची शोरूम आठवली. इंजिन रूमचं शूटिंग तर खऱ्याखुऱ्या बिअरच्या कारखान्यात झालेलं होतं, त्या टाक्या आणि पाइप लपले नाहीत, आणि त्यावरचे विनोद आजही चालू आहेत. (मला ती जागा आवडली होती, जहाजाच्या पोटात घामट कळकट काहीतरी असणारच ना. पण मी अल्पमतात.)

पण यातलं दिसण्याबद्दलचं सगळं दोन-तीन वर्षांत निवलं. न निवलेला मुद्दा लांबीचा.

सिनेमाच्या वेळी आणि नंतर ब्लू-रेवर जो आकडा दिला गेला तो होता ७२५ मीटर. २८९ चे ७२५, म्हणजे अडीचपट. आता जहाजाचा बाहेरचा तपशील बघा, खिडक्यांच्या रांगा, एअरलॉकची दारं, बशीच्या कडेची जाडी, हे सगळं ७२५ मीटरच्या हिशोबाने मोजलं तर खिडक्या दोन मजली होतात आणि दारातून हत्ती जाईल. उलट तीनशे-साडेतीनशे मीटर धरलं तर हे सगळं माणसाच्या मापात येतं, पण मग शटलच्या (जहाजातल्या छोट्या यानांच्या) हँगरमध्ये दोन्ही बाजूंना शटल रांगेने उभी दिसतात ती मावत नाहीत, आणि ते बिअरच्या कारखान्याएवढं इंजिन रूमही मावत नाही. म्हणजे आधी बहुतेक जुन्या मापाच्या जवळ काढलेलं जहाज नंतर आतल्या जागेसाठी ताणून मोठं केलं, असाच अर्थ निघतो. लोकांनी ब्रिजच्या खिडकीवरून हिशोब मांडले, कॅमेरा त्या खिडकीतून थेट आत जातो, सेटचं माप अंदाजे काढता येतं, त्यावरून खिडकी, खिडकीवरून बशी. तरी एकमत नाही. मी स्वतः एका रविवारी पट्टी घेऊन बसलो होतो आणि माझं उत्तर ४०० च्या आसपास आलं, जे कुणालाच मान्य नाही.

कथेतलं कारण होतं म्हणा, नाही असं नाही. २२३३ मध्ये भविष्यातून शत्रूचं जहाज येतं आणि तिथून काळाचा फाटा फुटतो, म्हणून पुढचं सगळं वेगळं, एन्टरप्राइजसुद्धा २२४५ ऐवजी २२५८ ला बाहेर पडतं. रीफिटची मोठी बहीणच ही. पण गोची अशी की फाटा फुटायच्या क्षणी तिथे जे जुनं जहाज आहे, केल्विन, त्यावरची आठशे माणसं वाचली असं सिनेमातच सांगतात. फाटा फुटायच्या आधीचं, एन्टरप्राइजपेक्षा जुन्या पिढीचं जहाज, आणि त्यावर ४३० च्या जवळपास दुप्पट माणसं! म्हणजे मोठेपणाचं खापर शत्रूवर फोडता येत नाही. २०१६ ला लेखकांपैकीच एकाने सांगून बघितलं की काळातला बदल मागच्या दिशेनेही पसरतो. ते ऐकून मी हात जोडले. २०१३ च्या सिनेमात जहाज समुद्राच्या तळाशी लपवलं होतं त्यावरही आरडाओरड झाली, पण ती लुटुपुटूची.

खरी कडू चव राहिली ती २०१८ ची. तोवर टीव्हीवर नवी मालिका आली होती आणि ती मूळ काळातच घडते, फाटा वगैरे काही नाही. फेब्रुवारीत पहिल्या सीझनच्या शेवटी समोर एन्टरप्राइज येऊन उभं राहतं. बशी ओळखीची, पण नॅसेलचे खांब १९७९ सारखे तिरके आणि वर त्यांना फटी. म्हणजे कथेच्या काळात रीफिटचे खांब रीफिटच्या पंधराएक वर्षं आधी. एप्रिलमध्ये त्यावर काम केलेल्या एका डिझायनरने लिहिलं की मालकी हक्क मधे विभागले गेल्यामुळे जहाज जुन्यापेक्षा पंचवीस टक्के वेगळं करावं लागलं. त्या एका आकड्याने आग लागली. पंचवीस टक्के कशाचे, लांबीचे, की क्षेत्रफळाचे? वकील पट्टी घेऊन बसतात का? (बसले तर मला बोलवा.) लगेच स्टुडिओने खुलासा केला की जुनं डिझाइन वापरायचा हक्क आमच्याकडे आहे, कायद्याची काही सक्ती नव्हती, बदल कलात्मक आहेत आणि २०१८ च्या व्हीएफएक्सला (संगणकी दृश्यांना) साजेसे म्हणून केलेत.

यातलं खरं काय ते ज्याने त्याने ठरवावं, पण चाहत्यांमध्ये डिझायनरचं म्हणणंच जास्त चिकटलं आणि मला ते समजू शकतं. एकतर सिनेमाची आणि टीव्हीची मालकी २००६ पासून खरंच दोन कंपन्यांमध्ये वाटली गेली होती, त्या २०१९ च्या शेवटी परत एक झाल्या. दुसरं म्हणजे कथेतलं कारण यावेळी अजिबातच नव्हतं, मग लोकांना निदान वकिलाचं कारण तरी हवं होतं. 'आम्हाला असं चांगलं वाटलं' हे खरं असलं तरी चाहत्याच्या पचनी पडत नाही. गंमत म्हणजे २०२२ पासून त्याच जहाजावर अख्खी मालिका चालू आहे आणि आता त्या खांबांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जे बोलतात ते म्हणतात की मधे कधीतरी उलटं रीफिट झालं असेल.

२०२३ ला दुसऱ्या एका मालिकेत १९८७ च्या मालिकेतलं, त्याच नावाचं पुढच्या पिढीचं जहाज, एन्टरप्राइज-डी, परत आणलं, ब्रिजचा सेट गालिच्यासकट जसाच्या तसा, तेव्हा मोठमोठी माणसं रडली. त्यावरून बरेच जण असं सांगतात की बघा, लोकांना जुनंच हवं असतं. त्यांनी मूळ मालिकेच्या मॉडेलची हकीकत वाचावी, जुनं म्हणजे नेमकं कोणतं हाच प्रश्न पडेल. ते अकरा फुटी मॉडेल १९७४ ला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची डागडुजी झाली आणि बशीवरच्या रेघा आणि मळकट छटा इतक्या गडद रंगवल्या की त्यावरही वर्षानुवर्षं भांडण झालं. २०१६ च्या दुरुस्तीत ते पुसून काढलं, लोकांकडून जुने फोटो मागवून रंग जुळवले. साठच्या दशकातला मूळ रंग आता फक्त बशीच्या वरच्या भागावर उरलाय, तिथे हात लावलेला नाही. आणि जहाजाची डावी बाजू? ती पहिल्यापासून अर्धवटच आहे, तिकडून दिव्यांच्या वायरी आत जायच्या, म्हणून शूटिंग कायम उजव्या बाजूने व्हायचं, आणि डावीकडून दाखवायचं असेल तर अक्षरं उलटी चिकटवून फिल्म फिरवायचे.