एलिस आयलंड आणि एंजल आयलंड: मुलांना गोष्ट सांगताना होणारी गफलत

चिनी लोकांच्या अमेरिकेतल्या स्थलांतरावरची ऐतिहासिक गोष्ट मुलांपुढे ठेवताना 'एंजल आयलंड म्हणजे पश्चिमेचं एलिस आयलंड' अशी सुरुवात करू नका. निम्मी गफलत त्या एका वाक्यात आहे.

दोन्ही बेटांवर अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांच्या तपासणीची केंद्रं होती. एलिस आयलंड सगळ्यांना ठाऊक असतं: न्यूयॉर्क, १८९२ ते १९५४, शेजारी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. बहुतेकांची तपासणी काही तासांत उरकायची, शंभरातले जेमतेम दोघे परत जायचे. एंजल आयलंड सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात, १९१० ते १९४०. बेट, बोटी, डॉक्टरी तपासणी दोन्हीकडे होती. ते सोडा.

खरा फरक कायद्याचा. १८८२ पासून चिनी मजुरांना अमेरिकेत बंदी होती. सूट फक्त व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी अशा मोजक्यांना आणि नागरिकांच्या मुलांना. एलिसवर माणसाला अडवायला कारण लागायचं, एंजलवर चिनी माणसाला सोडायला पुरावा.

नावाचा घोळ इथूनच सुरू होतो. एलिसवरच्या कारकुनाला आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याने भलतंच लिहिलं, हा प्रसंग निव्वळ दंतकथा आहे. तपासनीसापुढे जहाज कंपनीने आधीच केलेली यादी असायची. नाव खरोखर बदलायचं ते एंजलवर येणाऱ्या कित्येकांचं, तेही घरून निघण्याआधी, पैसे मोजून. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या आणि 'माझा जन्म इथलाच' म्हणणं चिनी माणसाला शक्य झालं. तो नागरिक ठरला की चीनमधली त्याची मुलंही नागरिक. चीनमधल्या गावाहून अमेरिकेत परतल्यावर 'मुलगा झाला' असं नोंदवायचं आणि ती जागा पुढे दुसऱ्याच्या मुलाला विकायची. हा 'कागदी मुलगा'. त्याला दत्तक म्हणू नका: दत्तकाला घर मिळतं, याला नुसतं आडनाव.

अधिकाऱ्यांनाही हे कळत होतं, म्हणून उलटतपासणी. घराला पायऱ्या किती? तांदळाची कोठी कुठे? शेजारी कोण राहतं? मुलाची उत्तरं 'वडिलांच्या' उत्तरांशी ताडून पाहायची. उत्तरांची वही बोटीवर पाठ करून समुद्रात फेकलेली असे. सख्खा मुलगाही पायऱ्यांवर चुकायचा आणि आठवडे, कधी महिने अडकायचा. बराकींच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता त्या मुक्कामातल्या.

हे मुलांना पटवायला एक गृहपाठ पुरतो. घरातल्या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून घराबद्दलचे तेच दहा प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून घ्यायची, मग ताडून पाहायची. जिन्याच्या पायऱ्या जरूर विचारा. वर्गात कुणाला चिनी, कुणाला अधिकारी करून नाटुकलं बसवणं मात्र टाळा. त्यात दरडावण्याची मजा तेवढी उरते.

आणि गोष्ट निवडताना सन तपासा. अमेरिका आरपार जोडणाऱ्या, १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वेच्या बांधकामावर राबलेला नायक एंजल आयलंडवर उतरत असेल, तर ते पुस्तक परत कपाटात. त्याच्या काळी ना ते केंद्र होतं, ना ती बंदी.