चिडाच्या रानात बांज का शिरत नाही?

हिमालयाच्या पायथ्याकडून वर निघालं की साधारण हजार मीटरच्या आसपास साल वृक्षांचं जंगल मागे पडतं आणि चिडाचं, म्हणजे तिथल्या पाइनचं, रान सुरू होतं. आणखी वर बांज नावाचा ओक त्यात मिसळू लागतो. उंचीचे पट्टे आखून विषय संपवता येतो. पण उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालमध्ये एकाच उंचीवर दरीच्या एका अंगाला चीड आणि समोर बांज दिसतो, तेव्हा पट्ट्यांचं गणित तोकडं पडतं. काही ठिकाणी उत्तर सोपं आहे: दक्षिणेकडचा उतार उन्हाने कोरडा पडतो, तिथे चीड; उत्तरेकडचा दमट, तिथे बांज. मात्र कित्येक ठिकाणी चिडाखालची जमीन बांजाला चालेल अशी असूनही बांज नसतो. याचं कारण उंचीत नाही, त्या उताराच्या इतिहासात आहे.

उतार अगदी कोरा होतो तो दरड कोसळल्यावर. माती, बिया, मुळं सगळं वाहून जातं, उरतात दगड आणि मुरूम. गवतं, झुडपं येतात, आणि ओलावा असेल तिथे उतीस. हा तिथला आल्डर. त्याचं बी इतकं हलकं की वाऱ्यावर सहज पोचतं. पण त्याची खरी ताकद मुळांवरच्या गाठींमध्ये असते. तिथे राहणारे फ्रँकिया जातीचे जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. दरडीच्या दगडगोट्यांत नत्राचीच टंचाई असते, त्यामुळे जिथे इतरांची उपासमार होते तिथे उतीस भराभर वाढतो. त्याची नत्रयुक्त पानं गळून कुजतात, माती जमते. गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या रोपांना भरपूर ऊन लागतं. आईच्या सावलीत ती तगत नाहीत. माती त्याने घडवायची आणि तिच्यावर वाढायचं इतरांनी.

झाडांच्या या आल्या-गेल्याला अनुक्रमण म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 मध्ये मांडलं की जंगल एखाद्या सजीवासारखं टप्प्याटप्प्याने वाढतं आणि हवामानाने ठरवलेल्या एका अंतिम अवस्थेला पोचतं. 1926 मध्ये हेन्री ग्लीसन यांनी याला छेद दिला: प्रत्येक जात आपापल्या गरजेने आणि संधीने येते, सोबत दिसणारी झाडं म्हणजे काही एक देह नव्हे. हिमालयातले उतार पाहता मला ग्लीसनचं म्हणणं जास्त पटतं.

क्लेमेंट्सच्या हिशेबाने चीड हा मधला टप्पा ठरतो. ऊन आवडणारा, पंखवाल्या बियांचा, उघड्या मातीवर रुजणारा. पुढे त्याच्या सावलीत बांज यायला हवा. पण चीड सहजी जागा सोडत नाही. त्याच्या सुया, तिथल्या भाषेत पिरूल, उन्हाळ्यात गळतात आणि वाळून पेट घेतात. मोठ्या चिडाला जाड साल वाचवते. बांजाची कोवळी रोपं जातात. जळून गेलेल्या, उघड्या जमिनीवर पुन्हा चिडाचंच बी रुजतं. शिवाय सुयांमध्ये नत्र अगदी कमी. त्या कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतला उपलब्ध नत्र स्वतःकडेच ओढून धरतात. चीड थोडक्यात भागवतो, बांजाला तेवढं पुरत नाही.

बियांचीही अडचण आहे. बांजाची फळं जड, वाऱ्याने जाणार नाहीत. ती हिवाळ्यात पडतात आणि सुकली की मरतात, म्हणून पावसाळ्यापर्यंतचा कोरडा काळ त्यांना ओलसर पाल्याखाली काढावा लागतो. वाचलेल्यांतली बरीच लंगूर आणि अस्वलं खातात.

आणि माणूस? राळ आणि लाकडासाठी इंग्रज वनखात्याने चिडालाच झुकतं माप दिलं. गावांना चाऱ्यासाठी बांज हवा होता. जंगलाच्या वापरावर सरकारने घातलेल्या बंधनांच्या रागातून 1921 मध्ये कुमाऊँत चिडाची रानं पेटवली गेली. गावाजवळचा बांजही सुखात नव्हता: चाऱ्यासाठी फांद्या छाटल्या जायच्या, पाला खतासाठी उचलला जायचा, रोपं गुरं खायची.

आग लांब राहिली, गुरं कमी झाली आणि जवळच्या घळीत जुना बांज असला, तर चिडाखाली काफळ, बुरांश (तिथला ऱ्होडोडेंड्रॉन) या झाडांची आणि बांजाची रोपं दिसू लागतात. काफळाच्या मुळांवरही नत्राच्या गाठी असतात, हे इथे कामी येतं. पण नुसती आग रोखून भागत नाही. वर्षानुवर्षं सुयांचा थर साचत राहतो, आणि कधी ठिणगी पडलीच तर ती आग नेहमीच्या आगीपेक्षा जास्त भडकते. म्हणून कुठे थंडीच्या दिवसांतच पाला हलकासा जाळून टाकतात, कुठे पिरूल गोळा करून नेतात.