जिवाणूंचा फेस आणि मराठवाड्याची मळी

बायोसर्फॅक्टंट म्हणजे जिवाणूंनी तयार केलेला, साबणासारखा फेसाळणारा पदार्थ. त्याच्या उद्योगासाठी मराठवाड्यात कशाची कमी आहे, हा प्रश्न गेली काही वर्षं चर्चासत्रांतून फिरतो आहे. ऊस आहे, लातूरला सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे. संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअर आणि मद्यार्काच्या कारखान्यांमुळे फर्मेंटर (आंबवण्याच्या मोठ्या टाक्या) चालवणारे अनुभवी हातही आहेत. तरी हा उद्योग साखर आणि मद्यार्काच्या पंगतीला अजून बसलेला नाही.

विज्ञान तर जुनंच आहे. स्यूडोमोनास जिवाणूच्या ऱ्हॅम्नोलिपिड या बायोसर्फॅक्टंटचं वर्णन १९४९ मध्ये झालं, बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचं सर्फॅक्टिन १९६८ मध्ये जपानात वेगळं काढलं गेलं. हे सर्फॅक्टिन अगदी थोड्या मात्रेत पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून सुमारे २७ मिलिन्यूटन प्रतिमीटरवर आणतं. गंमत म्हणजे सुरुवातीला कुतूहल होतं ते रक्ताची गुठळी रोखण्याच्या त्याच्या गुणाचंही. पुढे तेलविहिरी, समुद्रातली तेलगळती असे उपयोग सुचत गेले आणि २००४ मध्ये अमेरिकेत ऱ्हॅम्नोलिपिडवर आधारित बुरशीनाशकाची नोंदणी झाली.

अडलं ते मोठ्या टाकीपाशी. ज्या गुणासाठी हा पदार्थ हवा तोच गुण फर्मेंटरमध्ये आड येतो. हवा सोडली की दूध ऊतू जावं तसा फेस वर चढतो आणि जिवाणूंसकट बाहेर पडतो. फेस मारायला औषध घालावं तर पुढे मालातून ते काढत बसा. शुद्धीकरणाचा खर्च एकूण खर्चात मोठा वाटा खातो. सोयाबीन तेलावर ऱ्हॅम्नोलिपिडचं उत्पादन लिटरला १०० ग्रॅमच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत, पण असं उत्पादन देणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा दुबळ्या रुग्णांना गाठणारा रोगजंतू आहे. म्हणून त्याची जनुकं निरुपद्रवी भाईबंदात, स्यूडोमोनास पुटिडात घालण्याचा मार्ग निघाला. त्याच मार्गाने एका जर्मन रसायन कंपनीने स्लोव्हाकियात कारखाना उभारला. तो २०२४ च्या सुरुवातीला चालू झाला, आणि तिथला कच्चा माल आहे मक्यापासूनची साखर.

इथं साखर म्हणजे मळी, उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा घट्ट काळा पाक. एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. शोधनिबंधांत तिला सर्रास ‘टाकाऊ कच्चा माल’ म्हणतात आणि फ्लास्कमधला सगळा हिशेब त्या एका विशेषणावर बांधलेला असतो. २०१८ नंतर ते विशेषण कारखान्याच्या गेटवर चालेनासं झालं. त्या वर्षीपासून इथेनॉलला बी-हेवी मळी (जिच्यात थोडी साखर अजून उरलेली असते) आणि थेट उसाचा रस यांसाठी वेगवेगळे दर मिळू लागले. व्याजसवलतीच्या कर्जांवर आसवन्या उभ्या राहिल्या. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं.

मग आला डिसेंबर २०२३. पाऊस कमी झाला होता, मराठवाड्यात तर फारच. साखरेचा अंदाज खाली आला. ७ डिसेंबरला, गाळप ऐन भरात असताना, रस आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखर वळवण्याची मर्यादा घातली गेली. साखर स्वस्त राहावी हा हेतू समजू शकतो, पण कर्ज काढायला लावून मधल्या हंगामात दार लावणं हे कारखान्यांना बोचलं आणि ते रास्तच होतं.

आपल्या विषयासाठी मात्र महत्त्वाचं घडलं ते महिनाअखेरीस, आणि त्याची चर्चा कमी झाली. सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ६ रुपये ८७ पैसे प्रोत्साहन जाहीर झालं. जानेवारीत मळीच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क बसलं, तेही देशातल्या आसवन्यांना मळी कमी पडू नये म्हणून. सी-हेवी म्हणजे जिच्यातून साखर काढून काढून संपली ती मळी. जिवाणू पोसायला परवडेल अशी हीच होती; तिलाही हमखास गिऱ्हाईक आणि वर बक्षीस मिळालं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठले, पण एवढ्या झोक्यांनंतर मळीचा पाच वर्षांचा भाव धरून प्रकल्प अहवाल कोण लिहिणार?

पाण्याचा इतिहासही सोयीचा नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं आणि त्याच उन्हाळ्यात न्यायालयाच्या आदेशाने संभाजीनगरच्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात निम्म्यापासून ६० टक्क्यांपर्यंत कपात झाली. फर्मेंटर थंड ठेवायला आणि धुवायला पाणी लागतंच, मग आत बिअर असो की बायोसर्फॅक्टंट.

त्यामुळे आता इथल्या चर्चेचा रोख शॅम्पू किंवा डिटर्जंटवरून फवारणीत मिसळायच्या स्टिकरकडे, म्हणजे औषध पानावर पसरून चिकटवणाऱ्या पदार्थाकडे, वळतो आहे. त्याला कॉस्मेटिकइतकी शुद्धता लागत नाही, रंग काळपट असला तरी चालतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या शेतात असतं. कच्चा माल म्हणून वापरलेलं तळणीचं तेल सुचवलं जातं. पण बायोडिझेलसाठी त्यालाही २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी हमीदराची योजना आणली.