वायरीच्या तुकड्यापासून स्कॅनरपर्यंत: रेडिएटर फॅनच्या तपासणीची पार्श्वभूमी

उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना कडेला बॉनेट उघडून थांबलेली एखादी गाडी आजही दिसते. पूर्वी तिथे अँबेसिडर असायची. तिचा फॅन बेल्टवर चाले. इंजिन सुरू म्हणजे फॅन सुरू. तपासायचं ते एवढंच, की बेल्ट अंगठ्याने दाबून किती सैल आहे. खोट अशी की गाडी रांगेत अडकली की इंजिनाबरोबर फॅनही मंदावे, आणि वाऱ्याची खरी गरज नेमकी तेव्हाच.

1983 साली मारुती 800 आली आणि इंजिन आडवं बसलं. पुली चाकाकडे, रेडिएटर समोर; बेल्ट न्यायचा कसा? म्हणून फॅनला स्वतंत्र मोटर आली आणि ती सुरू करायला कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) वाटेत थर्मोस्विच, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप जोडला जाणारा स्विच. फॅन लागला नाही की मिस्त्री स्विचचं सॉकेट काढून दोन टोकं वायरीच्या तुकड्याने जोडायचा. फॅन फिरला तर मोटर, फ्यूज, वायरिंग ठीक, स्विच गेला. माझ्या मते ही अस्सल तपासणी होती. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी तो तुकडा तसाच ठेवून ‘फॅन डायरेक्ट केलाय’ म्हणून गाडी परत दिली जाई.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि हा निर्णय ईसीएमकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे गेला. सेन्सर तापमान कळवतो, ईसीएम रिले (मोटरला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) ओढतो. आता सेन्सरची पिन काढली तरी बऱ्याच गाड्यांत फॅन लागतो, कारण तापमान कळेनासं झालं की ईसीएम इंजिन वाचवायला फॅन चालू ठेवतो. म्हणजे जुन्या युक्तीसारखं ‘फॅन फिरला, सेन्सर गेला’ म्हटलं तर उलट फसगत होते.

स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट मात्र धुराच्या कायद्यातून आलं. अमेरिकेत 1996 पासून ओबीडी-2 (गाडीने स्वतःतले बिघाड ओळखून कळवण्याची पद्धत) सक्तीचं झालं; आपल्याकडे ओबीडी-1 2010 ला आणि ओबीडी-2 2013 ला. त्या कायद्याला प्रदूषणाशी संबंधित माहिती वाचता येण्याशी मतलब. फॅनला हुकूम देणं त्यात येत नाही, ती भाषा ज्या त्या कंपनीची. म्हणून त्या सॉकेटात खोचायच्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलवर कूलंटचं तापमान दिसतं, पण फॅन फिरवता येत नाही. त्यासाठी ‘ॲक्टिव्ह टेस्ट’ देणारा, म्हणजे एकेक भाग हुकमाने चालवून बघणारा स्कॅनर लागतो.

साताऱ्याच्या एका गॅरेजात हे जवळून पाहिलं. यवतेश्वर घाटात तापमानाचा काटा वर जाणारी गाडी होती, आणि आधीच्या गॅरेजने अख्खा फॅन बदलायला सांगितला होता. फिटरने स्कॅनर लावून ‘लो’ दाबलं. रिलेचा ‘टक्’ आवाज आला, पाती हलली नाहीत. ‘हाय’ दाबताच फॅन घोंगावला. मोटर धडधाकट होती. कमी वेगासाठी वीज कमी करणारा रेझिस्टर जळला होता. तेवढाच बदलला. (फॅनजवळ हात घालताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन लागतो.)

हुकमाने फॅन फिरला म्हणजे ईसीएमपासून मोटरपर्यंतची वाट ठीक, इतकंच कळतं. जुना वायरीचा तुकडा सांगायचा तेही असंच अर्धं. सेन्सर आणि थर्मोस्टॅटबद्दल (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेबद्दल) ही टेस्ट काही बोलत नाही. म्हणून त्या फिटरने एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू ठेवली आणि स्क्रीनवरचा आकडा बघत थांबला. 94, 95, 96. फॅन आपसूक लागला, आणि मगच त्याने बॉनेट खाली केलं.