अमेरिकेच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश बदलून कसा मागतात? वेकोच्या खटल्यांवरून समजून घ्या

टेक्सासमधल्या वेकोजवळ ब्रँच डेव्हिडियन पंथाच्या वस्तीला 1993 मध्ये 51 दिवस सरकारी वेढा होता. 19 एप्रिलच्या आगीत 76 जण गेले. पुढे पंथाच्या 11 जणांवर न्या. वॉल्टर स्मिथ यांच्यापुढे फौजदारी खटला चालला. ज्युरीने खुनाच्या कटातून सर्वांना सोडलं. शस्त्राच्या आरोपावरचा ज्युरीचा निकाल न्यायाधीशांनी आधी बाजूला ठेवला, मग पुन्हा कायम केला आणि पाच जणांना 40-40 वर्षं ठोठावली. नंतर वाचलेल्यांनी आणि मृतांच्या नातलगांनी सरकारवर भरपाईचा दावा लावला, तोही याच न्यायाधीशांपुढे! न्यायाधीश पक्षपाती असतील ही दावेदारांची धास्ती मला अगदी रास्त वाटते.

अर्ज कोण करू शकतो?
खटल्यातला कोणताही पक्षकार. न्यायाधीशांचा वैयक्तिक आकस, खटल्यात आर्थिक हितसंबंध, जवळचं नातं किंवा त्याच प्रकरणात पूर्वी वकिली, ही कारणं चालतात. निःपक्षपातीपणाबद्दल वाजवी शंका येत असेल, तरी न्यायाधीशांनी स्वतःहून बाजूला व्हावं असं फेडरल कायद्याचं (28 U.S.C.) कलम 455 सांगतं.

कागदपत्रं
त्याच कायद्याच्या कलम 144 खाली पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. तारीख, ठिकाण, नेमके शब्द लिहा. ‘आमच्यावर राग आहे’ एवढ्यावर भागत नाही. अर्ज सद्भावनेने केल्याचा वकिलाचा दाखला जोडावा लागतो. अर्ज वेळेत हवा, आणि एका खटल्यात असं प्रतिज्ञापत्र एकदाच देता येतं, म्हणून घाई नको.

खरी अडचण इथे आहे: प्रतिज्ञापत्र पुरेसं आहे का, हे तेच न्यायाधीश ठरवतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या लिटेकी निकालानुसार विरोधात गेलेले आदेश किंवा सुनावणीतले कडक शेरे सहसा पक्षपाताचा पुरावा ठरत नाहीत. वेकोच्या दावेदारांनी फौजदारी खटल्यातल्या वागणुकीवर बोट ठेवलं होतं. मागणी फेटाळली गेली आणि 2003 मध्ये अपील न्यायालयानेही ती मान्य केली नाही.

म्हणून चुकीच्या आदेशाविरुद्ध अपील वेगळं लढवा. वेकोच्या फौजदारी खटल्यात शस्त्रं मशीनगन होती का, हे न्यायाधीशांनीच ठरवलं होतं; ते ज्युरीने ठरवायला हवं होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये एकमताने सांगितलं, तेव्हा 40 वर्षांची शिक्षा 15 वर्षांवर आली. त्यात पक्षपात सिद्ध करावा लागला नाही.

न्यायाधीशांच्या गैरवर्तनाची तक्रार त्या विभागाच्या (सर्किट) अपील न्यायालयाच्या क्लार्ककडे कोणीही देऊ शकतं, पण तिने निकाल बदलत नाही.