चिनी आहारचिकित्सा

चिनी आहारचिकित्सा : अन्नपदार्थांची निवड, प्रमाण व शिजवण यांच्या साहाय्याने रोगनिवारणास मदत करण्याची चिनी वैद्यकातील पद्धती. प्रत्येक पदार्थ उष्ण, ऊबदार, सम, शीतल वा थंड प्रकृतीचा मानतात. आंबट, कडू, गोड, तिखट व खारट या रसांचा संबंध अनुक्रमे यकृत, हृदय, प्लीहा, फुप्फुस व मूत्रपिंड यांच्याशी जोडतात.

*जौ-ली* या जौ राजवंशाच्या राज्यव्यवस्थेवरील प्राचीन ग्रंथात राजदरबारातील वैद्यांच्या चार वर्गांत अन्नवैद्याचा समावेश आहे. ग्रंथ परंपरेने जौच्या ड्यूकच्या नावावर असला, तरी बहुतेक अभ्यासक तो युद्धमान राज्यांच्या काळात (इ. स. पू. ४७५–२२१) घालतात. हान काळातील (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) ल्यू शिन या विद्वानाने तो रचला, हे मत आता मागे पडले आहे. या वैद्याकडे मुख्यतः राजाच्या खाद्यपेयांचा मेळ राखण्याचे काम होते; त्यामुळे रुग्णाला अन्नाने बरे करण्याचा पुरावा म्हणून हा उल्लेख जपूनच घ्यावा. तसा स्पष्ट पुरावा सातव्या शतकातील वैद्य सुन सिम्याव याच्या ग्रंथात मिळतो : आधी अन्नाने उपचार करावा, गुण न आल्यास औषध द्यावे. मंग शन (६२१–७१३) याचा आहारौषधींवरील ग्रंथ लुप्त झाला. त्याचा एक तुटक भाग वायव्य चीनमधील दुनह्वांगच्या हस्तलिखितांत सापडला.

जुन्या पाककृतींतील मापे हा वादाचा विषय आहे. हान काळातील वैद्य जांग जोंगजिंग (सु. १५०–२१९) याच्या नावावरील मटणाच्या औषधी रश्श्यात दांगग्वेई या औषधी वनस्पतीचे मूळ ३ ल्यांग (वजनाचे जुने माप), ओले आले ५ ल्यांग व मटण १ जिन (१६ ल्यांग) आहे. ८ शंग (द्रवाचे जुने माप) पाणी ३ शंग उरेपर्यंत आटवायचे असते. थंडीचा जोर असल्यास आले १ जिनपर्यंत वाढवतात. हान काळातील ल्यांग सु. १४–१५ ग्रॅ. असावा, मिंग काळानंतर (१३६८–१६४४) मात्र पुष्कळ वैद्य तो ३ ग्रॅ. धरू लागले. तसे धरल्यास मटण जेमतेम ४८ ग्रॅ. भरते व त्यात रश्श्याला कस उरत नाही. निदान या कृतीपुरते पहिले माप अधिक पटते. आजच्या स्वयंपाकघरांत ५०० ग्रॅ. मटणाला ३० ग्रॅ. आले व १५–२० ग्रॅ. दांगग्वेई घालतात. मटण गार पाण्यात ठेवून उकळी आणतात, फेस काढतात, ते पाणी फेकतात आणि मग नवे पाणी घालून मंद आचेवर दीड-दोन तास शिजवतात. पहिले पाणी न टाकल्यास रस्सा उग्र होतो. बाळंतिणीची पोटदुखी व थंडीने पोटात येणारी कळ यांवर हा रस्सा सांगितला आहे. ताप असताना तो वर्ज्य मानतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी दांगग्वेई टाळावे.

पेज हा दुसरा मोठा प्रकार : १ वाटी तांदळाला ८–१० वाट्या पाणी. दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्यांचा काढा प्यायल्यावर गरम पातळ पेज पिऊन पांघरूण घेण्याची सूचना जुन्या ग्रंथांत आहे. हलका घाम सुटला की पुरे. घामाच्या धारा लागल्यास रोग हटत नाही असे मानतात.

चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००२ मध्ये अन्न व औषध दोन्ही मानलेल्या ८७ द्रव्यांची यादी काढली. तीत न बसणारी द्रव्येही घरोघरी शिजतात. धोका सर्वाधिक आहे तो बचनागाच्या कुळातील फूझी मुळांचा. सिच्वान व युन्नानमध्ये हिवाळ्यात ती मांसाबरोबर शिजवतात. दीर्घकाळ उकळल्यानेच त्यांतील अकोनिटिन या विषाचे विघटन होते. मुळे जाड कापली, पाणी आटल्यावर मध्येच गार पाणी ओतले वा मुळे मागाहून टाकली, तर विष शिल्लक राहते. ओठ व जीभ बधिर होणे हे पहिले लक्षण, त्यानंतर हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यूही ओढवू शकतो.